हे मूल कोणाचे?



धम्मदीक्षा घेतलेल्या एखाद्या घरात मूल बुद्धीने मंद, बहिरे, अंध किंवा स्वमग्न असले, तर त्याचा भार कोणी वाहायचा? आईने? बापाने? सरकारने? की आपण सर्वांनी? हा प्रश्न नवा नाही. परंतु २०२० साली कोरोनाची साथ आली आणि एरवी त्यावर जे झाकण असते ते उडाले. साथ ओसरली, टाळेबंदी उठली, म्हणून प्रश्न मिटला असे नव्हे. पुढची साथ येईल तेव्हा तरी त्याचे उत्तर आपल्यापाशी तयार असले पाहिजे.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती माझ्या स्वतःच्या उणेपणाची आहे.

आमच्या विहारापासून चार गल्ल्या पलीकडे एक कुटुंब राहते. बाप गवंडीकाम करतो, आई चार घरची धुणीभांडी करते. टाळेबंदीच्या दोनच वर्षे आधी त्यांनी दीक्षा घेतली होती. देव्हारा काढला आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. थोरली मुलगी तेव्हा नववीत होती, अभ्यासात पुढे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला बोलता येत नसे. तो विशेष शाळेत जाई. तीन वर्षांत तो शर्टाची बटणे लावायला, आपल्या हाताने जेवायला आणि तहान लागली की पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायला शिकला होता. तुम्हा-आम्हाला हे क्षुल्लक वाटेल. त्या आईला ती मॅट्रिकची परीक्षा पास झाल्यासारखी गोष्ट होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. बापाचे काम थांबले. आईला कामाच्या इमारतींच्या फाटकातून आत घेईनात. आणि त्या मुलाला साथ म्हणजे काय हे कोण समजावणार? तो रोज सकाळी आठ वाजता दप्तर पाठीला लावून दारात उभा राही. शाळेची गाडी येत नसे. मग तो भिंतीवर डोके आपटून घेई, आणि शेजारचे लोक आवाजाला वैतागून आईलाच बोल लावीत. दोन-तीन महिन्यांत बटणे लावणे गेले. पुढे हाताने जेवणेही गेले.

एप्रिलमध्ये आम्ही विहारातर्फे धान्य वाटले. त्या घरीही पोहोचवले, यादीत नावापुढे खूण केली आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानले. पावसाळा सरता सरता कानावर आले की त्या बाईने मुलाच्या दंडाला गंडा बांधला आहे. कोणा नातेवाइकाने तिच्या मनात भरवले होते, "देव टाकलेत, त्याचं हे फळ." आमचे काही कार्यकर्ते संतापले. बावीस प्रतिज्ञा घेऊन गंडा! मी जाब विचारायला गेलो. तिने मला बसायला पाट दिला आणि शांतपणे म्हणाली, "गुरुजी, धान्य आलं, तुमचे उपकार आहेत. पण सहा महिन्यांत पोर कसं आहे म्हणून विचारायला कुणी आलं नाही. भगत तेवढा आला. तो पोराजवळ तासभर बसला."

मी जाब विचारायला गेलो होतो आणि जाब मलाच द्यावा लागला. गंडा बांधणे चूक होते याबद्दल शंका नाही. परंतु ज्या जागेवर आपण बसायला हवे होते ती जागा रिकामी राहिली, म्हणून भगत तिथे येऊन बसला. अंधश्रद्धा केवळ अज्ञानातून येत नाही. ती एकाकीपणातूनही येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

असे मूल जन्मले की आपला पूर्वीचा समाज एक तयार उत्तर देत असे: पूर्वजन्मीचे पाप. हे उत्तर देणाऱ्याला फार सोयीचे असते. पाप त्याचे, भोग त्याचे. मग शेजाऱ्याने उठायचे कारण नाही, गावाने शाळा काढायचे कारण नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच मर्मावर बोट ठेवले आहे. गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत गरिबांच्या व दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकण्यासाठीच उपयोगी पडतो, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. हीच कसोटी या मुलांना लावून पाहा. आपल्याला अस्पृश्य कोणी केले? पूर्वजन्माने नव्हे, माणसांनी. मग ज्या तर्काने आपल्याला हजारो वर्षे गावाबाहेर ठेवले, तोच तर्क आपल्या घरातल्या लेकराला लावायचा काय?

कारणे शोधायची तर ती याच जन्मात, याच देहात सापडतात. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. नवजात बाळाची तीव्र कावीळ वेळेवर उपचार न मिळाल्याने मेंदूला इजा करते. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर मूल बहिरे किंवा अंध जन्मू शकते. आईच्या आहारात आयोडीन फार कमी असले तर बाळाच्या बुद्धीची वाढ खुंटते. काही वेळा पेशीतले एक गुणसूत्र जास्तीचे असते. काही वेळा नेमके कारण वैद्यकालाही सापडत नाही. पण न सापडलेले कारण म्हणजे पाप नव्हे. आणि यांतली कितीतरी कारणे लस, सकस अन्न आणि चांगले प्रसूतिगृह यांनी टाळता येतात. म्हणजे पाप कोणाचे असेलच, तर ज्यांनी ते गरिबाच्या दारापर्यंत पोहोचू दिले नाही त्यांचे.

अलीकडे या मुलांना ‘दिव्यांग’ म्हणतात. ‘लुळा-पांगळा’ म्हणून हिणवण्यापेक्षा ते बरे, हे मी मान्य करतो. पण पूर्वी त्यांना पापी ठरवून माणसांतून वगळले, आता दिव्य ठरवून वगळू नये, एवढेच म्हणणे आहे. ते मूल पापीही नाही आणि दिव्यही नाही. ते मूल आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी पाणी आणवले. तथागतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग तथागतांनी संघाला विचारले, याची शुश्रूषा कोणी का केली नाही? उत्तर मिळाले की हा भिक्षू इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. त्यावर तथागतांनी समजावले ते असे, की येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची करावी.

बंधुंनो, ‘उपयोगी पडत नाही’ हे शब्द आजही आपल्या कानावर पडतात. हे मूल शिकून काय करणार? कमावून काय आणणार? माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवणे ही बाजाराची रीत आहे, धम्माची नव्हे.

येथे कोणी म्हणेल, साथीत सगळेच पोळले. मग या एका मुलाचे वेगळे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याच घरात तो उभा राहिला होता. शाळा मोबाइलवर भरू लागली आणि घरात मोबाइल एकच. बापाने तो मुलीला दिला. मला विचाराल तर बापाचे चुकले नाही. त्या फोनमधून मुलाला शिकताच येत नव्हते. पण म्हणूनच सांगतो, सर्वांना सारखे वाटणे म्हणजे समता नव्हे. शिक्षण मोबाइलवर गेले तेव्हा ओठ वाचून समजणाऱ्या बहिऱ्या मुलाला लहानशा पडद्यावर शिक्षकांचे ओठ दिसेनात; प्रत्यक्ष भेटणाऱ्यांचे ओठ मुखपट्टीआड गेले. अंध मुलाची सारी ओळख स्पर्शातून, आणि स्पर्शालाच बंदी आली. स्वमग्न मुलाला नाकातोंडावर कापड सोसवेना. साथ सर्वांना एकच होती. तिचा मार एकसारखा नव्हता. ज्याला जास्त लागले त्याला जास्त देणे यालाच समता म्हणतात. आरक्षणाच्या प्रश्नावर हा युक्तिवाद आपण जगापुढे करतो. तो आपल्या वस्तीतही केला पाहिजे.

सरकारी मदतीचेही तसेच झाले. मार्च २०२० मध्ये केंद्राने गरीब वृद्ध, विधवा आणि अपंगांना तीन महिन्यांसाठी मिळून एक हजार रुपये जाहीर केले. पण ते निवृत्तिवेतनाच्या यादीवर असलेल्यांना. आणि अपंगांसाठीचे केंद्राचे ते निवृत्तिवेतन अठरा वर्षांवरील व ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्यांनाच मिळते. नऊ वर्षांचे पोर त्या चाळणीतून खाली पडले. कायदा मात्र आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि आपत्तीच्या काळात समान संरक्षणाचाही. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय आहे. हे हक्क आहेत, भीक नव्हे. पण हक्काला कागद लागतो, आणि कागदाला सोबत जाणारा माणूस लागतो.

मी तीस वर्षे शिक्षक होतो. माझ्या वर्गात मागच्या बाकावर अशी मुले बसत. मी त्यांना त्रास दिला नाही, पण शिकवलेही नाही. म्हणून चूळपंथकाची कथा वाचताना मला आजही मान खाली घालावी लागते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान होता; त्याने त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला दारातून परत आणले, हातात एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत धूळ पुसण्याचे दोन शब्द म्हणायला सांगितले. चोळता चोळता पांढरे कापड मळले, आणि अनित्यता त्याला उमजली. अट्ठकथेने त्याच्या मंदपणाला गतजन्माचे कारण जोडले आहे. बाबासाहेबांच्या वाटेने जाणाऱ्याने ते बाजूला ठेवावे. घ्यायचे ते हे, की तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. मी महापंथकासारखा वागलो. तुमच्यापैकी कोणी वागू नये.

तर मग करायचे काय? फार मोठे काही नाही. प्रत्येक विहाराला आपल्या वस्तीतली अशी घरे ठाऊक असावीत. फलकावर लावायला नव्हे, जायला. रविवारच्या वंदनेनंतर दोघांनी दोन तास त्या मुलाजवळ बसावे, म्हणजे आईला झोपता येईल, बाजारात जाता येईल. तरुणांनी प्रमाणपत्रासाठी व ओळखपत्रासाठी बापासोबत रुग्णालयात जावे. एक दिवसाची मजुरी बुडाली तर ती विहाराने भरावी. त्या मुलाच्या भावंडांनाही कधी विचारावे, कारण घरातले सगळे लक्ष एकीकडे गेलेले असते. मुलाचा दिवस कसा आखलेला आहे, त्याला कोणती चित्रे कळतात, हे आणखी एका घराला माहीत असावे. उद्या आईच आजारी पडली तर? ही भीती त्या बाईने मला बोलून दाखवली होती, आणि मरणापेक्षा तिला तीच मोठी वाटत होती. आणि वंदनेच्या वेळी ते मूल ओरडले तर कोणी मागे वळून पाहू नये. संघाला शांतता हवी, पण कोणाला बाहेर काढून मिळवलेली नको.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात पोहोचवले. १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. ते मूल त्यांच्या पोटचे नव्हते. हे मूल कोणाचे, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

आमच्याकडे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या दिवसानंतर आम्ही पाळी लावून त्या घरी जाऊ लागलो. पहिले दोन आठवडे मुलगा आमच्याकडे पाहीना. नंतर कोणीतरी शाळेच्या चित्रांसारखी चित्रे काढून भिंतीला चिकटवली: आंघोळ, जेवण, खेळ, झोप. त्याचे डोके आपटणे कमी झाले. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा बटणे लावायला त्याला पहिल्यापासून शिकावे लागले. गेलेली सगळी वर्षे परत आली असे मी म्हणणार नाही. गंड्याबद्दल आम्ही पुन्हा शब्द काढला नाही. एके दिवशी तो दंडावर नव्हता. मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

धम्म एकट्या माणसाला लागत नाही. एकाला दुसरा भेटला की लागतो, असे बाबासाहेबांनी समजावले आहे. तेव्हा या रविवारी वंदना झाल्यावर सरळ घरी जाऊ नका. तुमच्या गल्लीत असे एक दार असेल. ते ठोठवा.

जय भीम!