समुद्र ओलांडणाऱ्याची शुद्धी

‘समुद्रसंयान’, म्हणजे जहाजाने सागर ओलांडणे, हे बौधायन धर्मसूत्राने पतनीय, अर्थात जातीतून पाडणाऱ्या कृत्यांत गणले असले, तरी त्याच सूत्रात तीन वर्षांच्या व्रताने तो दोष फिटतो. कलिवर्ज्यांनी, म्हणजे कलियुगापुरत्या निषिद्ध आचारांच्या यादीने, मात्र प्रायश्चित्त घेतलेल्या द्विजालाही समाजात सामावून घेण्यास मनाई केली. 1781 मध्ये राघोबादादा पेशव्यांचे वकील हनुमंतराव राजकार्यासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या निवासस्थानी त्यांच्या आचाराला जुळेल अशी सोय केली. धन्याची आज्ञा पाळणाऱ्या आणि परमुलखातही नेम राखणाऱ्या माणसाला केवळ मार्गातल्या पाण्यामुळे दोष लागावा, हे न्यायाला धरून नाही.

दोष परक्या भूमीत की कर्मात, हा प्रश्न आज रायगड जिल्ह्यातल्या वडखळच्या परिसरातही जिवंत आहे, कारण शेजारच्या डोलवीच्या पोलाद कारखान्यासारख्या उद्योगातला अभियंता कामासाठी परदेशी जातो, तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी त्याचे मन अलिबागच्या फाट्यापाशी पोहोचलेले असते आणि हाती घेतलेले काम अजून परदेशातच असते. गीतेतील अनासक्ती, म्हणजे फळाची ओढ न धरता कर्म करणे, या दिवशी खरी कसाला लागते. कारण त्या दिवशी घराची ओढसुद्धा एक फळच असते, आणि तिच्यापायी यंत्राची अपुरी तपासणी किंवा यजमान सहकाऱ्याला दिलेला अर्धवट हिशेब मागे राहिला, तर त्याचे परिणाम भोगणारा माणूस परक्या भूमीवरचा असतो आणि घरी घेतलेले कोणतेही प्रायश्चित्त त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.