सामायिक करमणूक आणि नागरिकाचें ऋण

एखाद्या लहान गांवांतील चित्रपटगृह बंद पडलें, तर त्या गांवाचें नेमकें काय जातें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. शाळा बंद पडली किंवा दवाखाना बंद पडला, तर होणारी हानि कशी मोजावी हें आपण जाणतों. परंतु करमणुकीचें घर बंद पडल्यानें कोणी उपाशी राहत नाहीं, कीं कोणाचा रोग बळावत नाहीं. शिवाय ज्या चित्रपटासाठीं पूर्वीं रांगेंत तिष्ठत उभें राहावें लागे, तो आज घरबसल्या, हवा तेव्हां पाहतां येतो. मग शोक कशाचा? इंग्लंडांतील लहान बाजारगांवांनीं गेल्या शंभर-सवाशें वर्षांत या प्रश्नाला निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. त्या उत्तरांच्या आड एक खरा नीतिशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. तो असा कीं, जें सुख एकट्याला घरीं मिळूं शकतें, तें चारचौघांत भोगण्याची सोय राखणें हें समाजाचें कर्तव्य आहे काय. आणि असल्यास तें कोणाच्या खर्चानें?

प्रथम इतिहास थोडक्यांत पाहूं. इंग्लंडांत सिनेमा आरंभीं जत्रांमधील तंबूंतून फिरला व पुढें गांवोगांवच्या सभागृहांत शिरला. त्या काळची फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे. म्हणून १९०९ सालीं कायदा होऊन १९१० च्या जानेवारीपासून प्रत्येक प्रदर्शनस्थळास परवाना घेणें व यंत्राची खोली प्रेक्षकांपासून वेगळी ठेवणें भाग पडलें. आगीच्या भयानें केलेल्या या कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला कीं, खास सिनेमासाठीं बांधलेल्या इमारती लहान गांवांतूनही उभ्या राहूं लागल्या. एसेक्समधील हार्विच या बंदराच्या गांवीं १९११ सालीं 'इलेक्ट्रिक पॅलेस' उघडलें. लिंकनशायरमधील वुडहॉल स्पा येथें १९२२ सालीं एका जुन्या क्रीडामंडपाचेंच चित्रपटगृह झालें. छपराच्या तुळया प्रकाशझोताच्या आड येत, म्हणून चित्र पडद्याच्या मागून टाकण्याची युक्ति तेथें योजण्यांत आली. याच सुमाराच्या इंग्लंडशीं आपलाही एक धागा जोडलेला आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यंत्रसामुग्री घेण्यासाठीं विलायतेस गेले, तेव्हां थेम्सकांठच्या वॉल्टन गांवीं सेसिल हेपवर्थ यांचा चित्रपट-कारखाना त्यांनीं पाहिला. ज्या कलेनें पुढें आपलीं गांवें वेडीं झालीं, तिचा एक पाठ असा इंग्लंडांतील एका लहान गांवीं गिरविला गेला.

१९४६ सालीं ब्रिटनमध्यें सिनेमाचीं १६३ कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. म्हणजे तान्हीं मुलें धरूनही माणशीं सरासरी तीस वेळांहून अधिक. १९४५ च्या 'ब्रीफ एन्काउंटर' या चित्रपटांतील गृहिणी दर गुरुवारीं जवळच्या गांवीं जाते, सामान घेते, वाचनालयांतील पुस्तक बदलते आणि सिनेमा पाहून परतते. सिनेमा हा त्या काळीं सोहळा नव्हता. तो आठवड्याच्या बाजाराचाच एक भाग होता. पुढें घरोघरीं दूरचित्रवाणी आली. १९६० च्या कायद्यानें बिंगोच्या खेळास मोकळीक मिळाल्यावर अनेक चित्रपटगृहांत पडद्याच्या जागीं आंकडे पुकारणारा उभा राहिला. १९८४ सालीं तिकिटांची संख्या सुमारें ५ कोटी ४० लाखांवर घसरली. १९८५ सालीं मिल्टन कीन्स येथें देशांतील पहिलें बहुपडदा चित्रपटगृह उघडल्यावर धंदा पुन्हां सांवरला खरा. परंतु तो मोठ्या शहरांत आणि ज्याच्यापाशीं मोटार आहे त्याच्यासाठीं. हार्विचचें दार १९५६ मध्येंच लागलें होतें. हर्टफर्डशायरमधील बर्कहॅम्स्टेडच्या 'रेक्स'चें १९८८ मध्यें लागलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बेंथामच्या अनुयायास विचारलें तर तो म्हणेल कीं, सुखाचें माप सारखेंच असेल तर तें घरीं मिळालें काय किंवा बाहेर मिळालें काय, हिशेब एकच. किंबहुना जाण्यायेण्याचा त्रास वांचला हा नफाच. मिल्ल यास दुरुस्ती सुचवील: सुखांत केवळ प्रमाणाचा नव्हे, प्रतीचाही भेद आहे. परंतु प्रतीचा भेद मानूनही आपली अडचण सुटत नाहीं. कारण उत्तम चित्रपट घरींही उत्तमच राहतो. दोघेही तत्त्वज्ञ सुखाचें माप एकेका माणसाच्या अंतःकरणांत घालतात. शेजारीं कोण बसलें होतें, हा प्रश्न त्यांच्या तराजूंत पडतच नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत प्रयोगाची सिद्धि कशी ओळखावी याचा विचार करतांना प्रेक्षकांचें स्मित, हास्य, रोमांच, साधुवाद यांची गणना केली आहे. प्रयोग सिद्ध झाला कीं नाहीं हें सभेवरून ठरतें, असा त्याचा भावार्थ.

यावर कोणी म्हणेल कीं, हें नाटकाला ठीक आहे. पडद्यावरील नट प्रेक्षकांचें हंसणें ऐकत नाहीं. सभागृह रिकामें असलें तरी तो तसाच बोलेल. शिवाय त्या काळोखांत कसला समाज आणि कसलें काय? कोणी कोणाशीं बोलत नाहीं. महाग खुर्च्यांवरचे आणि स्वस्त बांकांवरचे एकमेकांना ओळखतही नाहींत. आणि मालक तर निव्वळ व्यापारी! हे आक्षेप खरे आहेत, आणि जुन्या दिवसांच्या कौतुकानें ते झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु त्यांनीं सिद्ध होतें तें इतकेंच कीं, चित्रपटगृह हें संभाषणाचें स्थान नव्हे. पडद्यावरचा नट ऐकत नसेल, पण शेजारचा मनुष्य ऐकतो. दोनशें माणसें एकाच ठिकाणीं हंसलीं, आणि त्यांत आपला सावकार, आपला शिक्षक व आपलें भांडण असलेला शेजारीही होता, हें जेव्हां कळतें, तेव्हां त्या शेजाऱ्याविषयीं आपणांस एक नवी गोष्ट ठाऊक होते. घरच्या पडद्यापुढें ती कळण्याचा मार्ग नाहीं.

दुसरें असें कीं, सामायिक करमणुकींत मनुष्य थोडा संयम शिकतो. वेळ आपण ठरविलेली नसते, पुष्कळदां चित्रपटही आपण निवडलेला नसतो. मध्येंच उठून जाणें, मोठ्यानें बोलणें, कंटाळवाणा भाग पुढें ढकलणें, यांतलें कांहीं करतां येत नाहीं. आपलें सुख दुसऱ्याच्या सुखाच्या आड येऊं न देण्याचा हा अभ्यास लहान आहे, पण तो अभ्यास आहे. आणि ज्याच्या घरीं दुसरें कोणीच नाहीं, त्याचें काय? एकाकी वृद्धास घरबसल्या करमणूक मिळते असें सांगणें म्हणजे ज्या घरानें त्यास कोंडलें त्या घराचीच शिफारस करणें होय. त्याला चित्रपटापेक्षां चित्रपटाचें निमित्त अधिक हवें असतें.

मग समाजानें ही सोय कायद्यानें राखावी काय? येथें रविवारच्या सिनेमाचा इंग्रजी इतिहास बोधप्रद आहे. रविवार हा ईश्वराचा दिवस. त्या दिवशीं सिनेमा असावा कीं नसावा, यावर गांवोगांव कडाक्याचे वाद झाले. १९३२ च्या कायद्यानें निर्णय पुष्कळ अंशीं स्थानिक लोकांवर सोंपविला, आणि रविवारच्या उत्पन्नाचा कांहीं भाग धर्मादायास देण्याची अट घातली. चर्चवाले म्हणत, कीं विश्रांतीचा दिवस विकला जाऊं नये. उलट पक्ष म्हणे, कीं सहा दिवस राबणाऱ्या तरुणानें सातव्या दिवशीं पावसांत रस्त्यावर फिरावें, ही कोणती नीति? आमच्या मतें दुसरा पक्ष अधिक न्यायाचा होता. माझ्या शेजाऱ्यानें आपला मोकळा वेळ कसा घालवावा हें बहुमतानें ठरविणें योग्य नव्हे; आणि १९७२ सालीं हीं बंधनें उठलीं, हें उचितच झालें. तथापि एक गोष्ट विसरूं नये. जे भांडत होते, ते दोन्ही पक्ष गांवाचा मोकळा वेळ हा गांवाचा प्रश्न आहे असें मानून भांडत होते. बंधन गेलें, तसा तो प्रश्नही सार्वजनिक चर्चेंतून बराचसा गेला, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम एकट्या बाजारावर पडलें.

बाजाराचें उत्तर असें असतें: लोक येत नाहींत, त्या अर्थीं लोकांना नको आहे. या अनुमानांत दोष आहे. गांवांतील प्रत्येकजण आज पाऊस आहे म्हणून, उद्यां दमलों म्हणून घरीं राहतो. त्यांतील एकानेंही चित्रपटगृह बंद व्हावें असा कौल दिलेला नसतो. उलट, तें असावें असें बहुतेकांस वाटतच असतें; मात्र तें इतरांनीं जावें म्हणून असावें असें वाटतें. आणि एके दिवशीं दारावर पाटी लागते, तेव्हां सर्वांनाच हळहळ होते. एकेकानें केलेल्या हजार निवडींची बेरीज म्हणजे हजार जणांनीं मिळून केलेली निवड नव्हे. जें कोणालाच नको होतें, तें सर्वांनीं मिळून घडविलें, असा हा विपरीत प्रकार आहे. आणि ग्रंथालयें, नाटकमंडळ्या, व्यायामशाळा यांच्या बाबतींत तो आपल्यालाही अपरिचित नाहीं.

यावर कांहीं गांवांनीं उपाय शोधला. हार्विचचें 'इलेक्ट्रिक पॅलेस' सोळा वर्षें विस्मृतींत पडून होतें. १९७२ सालीं त्याची पुन्हां ओळख पटली, तें पाडूं नये म्हणून लोक उभे राहिले, आणि १९८१ सालीं विश्वस्तांच्या व स्वयंसेवकांच्या श्रमानें तें पुन्हां उघडलें. बर्कहॅम्स्टेडचें 'रेक्स' २००४ च्या डिसेंबरांत उजळलें. यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज येथें १९२१ चें चित्रपटगृह लोकनियुक्त संस्थेनें सांभाळलें. २०१५ च्या नाताळांतील पुरानें तें बुडालें, तरी पुन्हां सुरू झालें. जेथें इमारतच नाहीं अशा खेड्यांतून, उदाहरणार्थ श्रॉपशायर व हेरफर्डशायर या परगण्यांत, गावच्या सभागृहांत पडदा टांगून चित्रपट दाखविण्याची व्यवस्था झाली; खुर्च्या मांडणारे आणि आंवरणारे हात गांवकऱ्यांचेच. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें सर्व चित्रपटगृहें बंद झालीं आणि घरचा पडदा हाच एकमेव पडदा उरला. तेव्हां चित्रपट मिळत असूनही कांहीं तरी मिळत नाहीं, हें युक्तिवादावांचून पुष्कळांस कळलें.

उरला प्रश्न खर्चाचा. जो कधीं सिनेमास जात नाहीं, त्याच्या करांतून दुसऱ्याची करमणूक चालवावी काय? हा आक्षेप वजनदार आहे. गरीब करदात्याच्या पैशानें सुखवस्तूंची हौस भागवणें हें कोणत्याही नीतींत बसणार नाहीं. २०११ च्या एका कायद्यानें इंग्लंडनें येथें मध्यममार्ग काढला आहे. लोकांच्या उपयोगाची म्हणून नोंदलेली वास्तु विकावयाची झाल्यास ती खरेदी करण्याची तयारी करावयास स्थानिक मंडळींना सहा महिन्यांपर्यंत अवधि मिळूं शकतो. कायदा पैसा देत नाहीं, अवसर देतो. आमच्या मतें कर्तव्याची वांटणी साधारण अशीच असावी: समाजानें संधि राखावी, आणि ज्यांना त्या वास्तूचें मोल कळतें त्यांनीं श्रम व पैसा द्यावा. मात्र एक कसोटी विसरूं नये. असे स्वयंसेवक बहुधा सवड असलेल्या, खाऊनपिऊन सुखी वर्गांतून येतात, आणि त्यांच्या हातीं सार्वजनिक जागेचा नकळत क्लब होतो. ज्या दारांतून गांवचा मजूर संकोचावांचून आंत येऊं शकत नाहीं, तें दार उघडें असूनही सार्वजनिक नव्हे.

आपल्या परंपरेंत मनुष्य कांहीं ऋणें घेऊनच जन्मास येतो असें मानलें आहे. देवांचें, ऋषींचें, पितरांचें. तसेंच ज्यांच्यामध्यें आपण राहतों त्यांचेंही कांहीं देणें लागतों. तें नेहमींच मोठ्या त्यागानें फेडावयाचें असतें असें नाहीं; कधीं कधीं तें पावसाळ्या रात्रीं घराबाहेर पडून, न निवडलेल्या खेळाचें तिकीट काढून फेडावें लागतें. एखादी संस्था असावी असें वाटणें आणि ती चालण्यास आपला वांटा उचलणें, या दोहोंत जें अंतर आहे तेंच इच्छा आणि कर्तव्य यांतील अंतर होय. इंग्लंडांतील ज्या गांवांनीं तें अंतर तोडलें, तेथें आज दिवे लागतात. जेथें तें तसेंच राहिलें, तेथें हळहळ करणारे पुष्कळ असले तरी इमारत दुसऱ्याच कोणाची झाली आहे.