पद, स्थान आणि सहचर

विद्यापीठ एखाद्या विद्वानास प्राध्यापकपद देऊ करते, तेव्हा त्या विद्वानाच्या पतीसाठी अथवा पत्नीसाठीही त्याने पद शोधावे काय? भारतीय वाचकाला या प्रश्नात प्रथम वशिल्याचा वास येईल. अमेरिकेतील विद्यापीठांत मात्र अशी नियुक्ती पुष्कळदा उघडपणे, लेखी धोरणानुसार होते. नव्या प्राध्यापकाला घेणारा विभाग, सहचराला सामावून घेणारा विभाग आणि मध्यवर्ती प्रशासन यांनी सहचराच्या वेतनाचा भार काही वर्षे वाटून उचलावा, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी रूढ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २००८ साली तेरा विद्यापीठांतील सुमारे ९,००० अध्यापकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३६ टक्क्यांचे सहचर विद्यापीठीय क्षेत्रातच असल्याचे तीत आढळले. प्रश्न अपवादात्मक राहिलेला नाही, हे यावरून उघड होते.

या व्यवस्थेचे मूळ एका जुन्या अन्यायात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील अनेक विद्यापीठांत नातलगांना एकत्र नेमू नये, असा दंडक होता. पती-पत्नींपैकी कोणाला वगळावे हे त्यात लिहिलेले नसे. तरीही वगळली जाई ती बहुधा पत्नीच. मारिया गेपर्ट-मायर १९३० साली गॅटिंगेनची डॉक्टरेट घेऊन पतीसमवेत बाल्टिमोरला आल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पती अध्यापक झाले. पत्नीला अध्यापकपद मिळाले नाही. पुढे शिकागो विद्यापीठाने त्यांना पदनाम दिले, वेतन दिले नाही. अर्धवेळ वेतन मिळे ते अरगॉन प्रयोगशाळेकडून. अणुकेंद्राच्या कवचरचनेचा सिद्धान्त त्यांनी मांडला तो याच काळात. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना १९६० साली सॅन दिएगो येथे लाभले, आणि तीनच वर्षांनी नोबेल पारितोषिक. गर्टी कोरी यांची कथा वेगळी नाही. १९३१ साली सेंट लुइस येथे पती विभागप्रमुख झाले आणि त्या केवळ संशोधन साहाय्यक. प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ साली, ज्या वर्षी दोघांना नोबेल मिळाले त्याच वर्षी. अमेरिकन प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा दंडकांविरुद्ध १९७१ साली जाहीर भूमिका घेतली.

या इतिहासातून सहचरनियुक्तीचे समर्थक एक सबळ युक्तिवाद उभा करतात. ज्याला केवळ स्वतःच्या गुणांवर निवडलेला एकटा विद्वान म्हटले जाई, तो वस्तुतः एकटा नव्हताच. त्याची हस्तलिखिते तपासणारी, घर सांभाळणारी, प्रसंगी त्याच्या प्रयोगशाळेत विनावेतन राबणारी एक व्यक्ती त्याच्यामागे उभी असे. विद्यापीठाला एका वेतनात दोन माणसांचे श्रम मिळत. तेव्हा आज दुसऱ्या माणसाचे मोल दिले, तर त्याला उपकार का म्हणावे?

युक्तिवाद खरा आहे, पण अपुरा आहे. ऋण असेल तर ते मान्य करावे; परंतु ते कोणाच्या खिशातून फेडले जाते, हेही पाहावे लागते. सहचरासाठी निर्माण केलेले पद अनेकदा जाहिरातीविना भरले जाते. त्या पदाचा निधी कोठल्या तरी भावी जागेचा असतो, आणि त्या जागेसाठी अर्ज करू शकली असती अशी एक तिसरी व्यक्ती असते. ती अविवाहित असेल, विधवा असेल, किंवा तिचा जोडीदार कारखान्यात काम करीत असेल. वाटाघाटीच्या खोलीत ती उपस्थित नसते. आपण काय गमावले हे तिला कळतही नाही. ज्याचे नुकसान त्याच्या कानापर्यंतही पोचत नाही, त्याच्याविषयी अधिक सावध असणे हे न्यायाचे पहिले लक्षण होय.

नियुक्त झालेल्या सहचराचेही यात सर्वस्वी कल्याण होत नाही. त्याची विद्वत्ता कितीही अस्सल असो, ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही कुजबुज त्याची पाठ सोडीत नाही. जी सवलत माणसाला काम देते आणि त्या कामावरील त्याचा हक्क संशयास्पद करते, तिला निर्भेळ उदारता म्हणता येत नाही.

येथे भारतीय अनुभव एक उपयुक्त भेद सुचवतो. केंद्र सरकारने १९८६ पासून शासकीय सेवेतील पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, अशा सूचना दिल्या आहेत. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्दप्रयोग घरोघरी परिचित आहे. या सवलतीने बदलते ते स्थान. पद दोघांनीही आपापल्या निवडीतून आधीच मिळवलेले असते. अमेरिकेतील विद्यापीठांना हा मार्ग उपलब्ध नाही. तेथे प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्र नियोक्ता आहे. इथाकासारख्या लहान गावात दुसरे मोठे विद्यापीठ शोधू जाता मिळणे कठीण. तेथे स्थान द्यायचे तर पदच द्यावे लागते. संसार एकत्र राहावा ही रास्त मागणी अशा रीतीने नकळत नोकरीची मागणी बनते, आणि खरा नैतिक पेच या दोहोंच्या सरमिसळीत आहे.

भारतातील सार्वजनिक विद्यापीठांत तर हा पेच अधिक कठीण. संविधानाचा अनुच्छेद १६ सार्वजनिक सेवेत समान संधीची हमी देतो. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकपदांचे आरक्षण संपूर्ण संस्था हा एक घटक धरून व्हावे, असे २०१९ च्या कायद्याने ठरवले. बिंदुनामावलीतील प्रत्येक जागेमागे कोणाचा तरी दीर्घकाळ रखडलेला हक्क उभा आहे. ती जागा सौजन्यापोटी दुसऱ्याला देणे म्हणजे एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढणे.

म्हणून विद्यापीठाचे कर्तव्य नाकारता येत नाही, तशी त्याची मर्यादाही विसरता येत नाही. नाते हा निवडीतील अडसर असू नये. रिक्त जागांची माहिती वेळेवर द्यावी. परिसरातील अन्य संस्थांशी संधान बांधून स्थानाची अडचण दूर करावी. सहचराला इतरांच्या बरोबरीने परीक्षेस बसू द्यावे. खास पद निर्माण करायचेच झाले, तर त्याचा निधी कोठून आला आणि निवड कशी झाली, हे जाहीर करावे. गेपर्ट-मायर यांना नाकारले गेले ते त्यांच्या विद्वत्तेचे स्वतंत्र मूल्यमापन. पतीच्या नावावर मिळालेला नकार हा अन्याय होता. जोडीदाराच्या नावावर मिळालेला होकारही त्या व्यक्तीकडे तितकेच कमी पाहतो.