रक्षण आणि बंधन

मनुष्याचे प्राण वाचविणे हे श्रेष्ठ कर्तव्य होय, याविषयी कोणाचेही दुमत असणार नाही. परंतु प्राण वाचविण्यासाठी त्याचे चालणेफिरणेच थांबवावे लागले, तर त्या रक्षणाची मर्यादा कोणती? कोविडच्या महामारीत हा प्रश्न जगभरच्या वृद्धाश्रमांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला.

२५ मार्च २०२० पासून आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरातच राहावे, असे शासनाने सांगितले. इंग्लंडमधील वृद्धाश्रमांत तर बाहेर जाऊन परतलेल्या रहिवाशाने १४ दिवस अलग राहावे, असा नियम होता. तो मे २०२१ मध्ये काहीसा सैल करण्यात आला. हे निर्बंध निष्कारण होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या लाटेत अनेक देशांतील मृतांचा मोठा भाग वृद्धाश्रमांतीलच होता. लसही तेव्हा उपलब्ध नव्हती.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वृद्धाश्रमातील मनुष्य व्यायाम म्हणून क्वचितच चालतो. तो भोजनगृहापर्यंत जातो, भेटीस आलेल्या मुलास निरोप देण्यास दारापर्यंत येतो. जेवणाचे ताट खोलीत येऊ लागले व भेटी बंद झाल्या, तेव्हा चालण्याचे प्रयोजनच नाहीसे झाले. अमेरिकेतील एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडल्याचे आढळले. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मग जे मुळातच दुर्बल, त्यांची महिनोन्‌महिने खोलीत राहून काय अवस्था होणार? सांधे आखडतात, तोल जातो, पडण्याचे भय मनात बसते. आणि त्या भयामुळे मनुष्य आणखीच कमी चालतो.

येथे नीतीचा खरा पेच आहे. मृत्यूची नोंद होते. हरवलेल्या पावलांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून जी हानी मोजली जाते ती टाळण्यासाठी, न मोजली जाणारी हानी आपण सहज पत्करतो. शिवाय तरुणाचे वाया गेलेले वर्ष पुढे भरून निघू शकते. पंच्याऐंशी वर्षांच्या वृद्धेची गेलेली चाल बहुधा परत येत नाही. नियम सर्वांस सारखा असला, तरी त्याचे मोल सर्वांस सारखे द्यावे लागत नाही.

यास्तव रक्षणकर्त्यावर अधिक मोठी जबाबदारी येते. ज्याच्यावर बंधन घालावयाचे, त्याचे मत प्रथम विचारावे. वार्धक्यामुळे मनुष्याचा स्वतःविषयीचा अधिकार संपत नाही. बंधन असतानाही खोलीत, सज्जात, अंगणात हात धरून चार पावले चालविण्याची व्यवस्था असावी. आणि संकट टळताच जे काढून घेतले, ते परत मिळवून देण्यासाठी परिश्रम करावेत. केवळ दार उघडल्याने खिळलेले पाय चालू लागत नाहीत.

गृहस्थाश्रमी वाचकांनी हा विचार आपल्या घरालाही लावून पाहावा. “तुम्ही बसा, आम्ही आणून देतो,” असे आपण आईवडिलांस प्रेमानेच म्हणतो. महामारी सरली, तरी पुष्कळ घरांतून हे वाक्य सरलेले नाही. पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेण्यास त्यांना वेळ लागेल, थोडे पाणी सांडेलही. तो वेळ त्यांना देणे, ही सेवाच आहे.