मोजलेलं पेट्रोल, न मोजलेली वीज

दुधनीत राहून पेट्रोल भरायला हद्दीपलीकडे कर्नाटकातल्या पंपावर जाणं यात कुणाला नवल वाटत नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, म्हणून तिकडं लिटरमागं चार पैसे सुटतात. मीही तिकडंच भरतो. टाकी फुल्ल केली की मीटरचा आकडा पावतीच्या मागं लिहितो आणि गाडीचं ॲव्हरेज काढतो.

हाच मी शेतातली पाच एचपीची मोटर ऑटोवर टाकून घरी झोपतो. रात्री लाइट आली की ती आपली सुरू होते. सरी तुडुंब भरते, पाणी बांध फोडून गाडीवाटेत उतरतं, सकाळी तिथं चिखलात चप्पल रुतते. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकार भरतं. तेव्हापासून युनिट किती पडले हे मी पाहिलेलंच नाही. वीज फुकट आहे ती मला. जिल्ह्यातच फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे. तिथं कोळसा जळतो आणि उजनीचं पाणी लागतं. बोअरचं पाणी तर साऱ्या शिवाराचं. मी स्वतःला काटकसरी समजत आलो, पण ती काटकसर खिशापुरतीच होती म्हणायची.

बाजार समितीच्या कट्ट्यावर इथेनॉलचा विषय निघाला की सगळ्यांत मोठा आवाज माझा. वीस टक्के इथेनॉल घातलं आणि ॲव्हरेज पडलं! तक्रार खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज ३-४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. मग पंपावरचा भाव का उतरला नाही, हे सरकारला विचारलंच पाहिजे. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागं सुमारे २८६० लिटर पाणी. तो मी कट्ट्यावर कधी काढत नाही, कारण तुरीच्या या पट्ट्यात मी दीड एकर ऊस लावलाय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं, तेव्हा शेतकऱ्याच्या पोटावर पाय दिला म्हणून ओरडणाऱ्यांत मी होतो. टाकीत इथेनॉल नको आणि कारखान्यात हवं, असं माझं ऊर्जाधोरण.

दोष धोरणाचाही आहे. रात्रीची पाळी देऊन वर बिल माफ केलं, तर घरोघरी ऑटो स्विच लागणारच. सौर कृषी वाहिनीची दिवसाची वीज आमच्या फिडरवर आली की ऑटो काढून टाकीन, असं मी घरात सांगत असतो. थंडीचं आणि सापाचंही कारण देतो. कारणं खरी आहेत. फक्त, ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असते त्या आठवड्यातही मी ऑटो काढत नाही.