विकण्याची विद्या

बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूहि खपत नाहींत, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ही म्हण तक्रारीची आहे कीं उपदेशाची, हें तिच्या शब्दांवरून कळत नाहीं. ती गहूवाल्याला बोलायला शिकविते, कीं मातीवाल्याविषयीं आपणांस सावध करिते? जुन्या पिढीनें ती बहुधा दुसऱ्या अर्थानें वापरली. व्यवसाय-प्रशासनाच्या पदवीसाठीं नांव घालून जे विद्यार्थी हल्लीं मार्केटिंग हा विषय निवडतात, त्यांनीं ती पहिल्या अर्थानें घेतलेली दिसते. वर्धा जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांत हा विषय निघाला म्हणजे बोलणें लवकरच दोन प्रश्नांवर येऊन ठेपतें: पुढें नोकरी कोणती, आणि पगार किती? तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्याच्या मनांत एखाद्या वस्तूची इच्छा उत्पन्न करण्याचें कौशल्य, ती वस्तु कोणती हें बाजूस ठेवून, शिकवितां येईल काय? आणि येत असलें तरी तसें शिकवावें काय?

पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल लवकर लागतो. या पदवीधरांपैकीं पुष्कळांची सुरुवात विक्री-प्रतिनिधि म्हणून होते. चार वर्षें फिरती केल्यावर एखाद्या विभागाची जबाबदारी मिळते. कोणी जाहिरातींच्या धंद्यांत जातात, कोणी बाजाराची पाहणी करणाऱ्या संस्थांत, कोणी बँकेंत वा विमा कंपनींत; आणि संगणकाच्या पडद्यावरून चालणाऱ्या व्यापारानें कामाचें एक नवें दालन उघडलें आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ही पदवी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेंत आली आहे. तेव्हां हा अभ्यास म्हणजे गणितास भिणाऱ्या मुलांनीं शोधलेली पळवाट होय, ही समजूत आतां सोडून दिलेली बरी.

वर्ध्याचा आणि या विद्येचा संबंध काय, असें कोणी विचारील. वर्धा म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें चरखा उभा राहतो, तराजू उभा राहत नाहीं. पण हें चित्र अपुरें आहे. आशियांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखलें जाणारें सिडनहॅम कॉलेज मुंबईंत १९१३ सालीं निघालें, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १९४० सालीं, वर्ध्यासारख्या लहान गांवांत गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय उभें राहिलें. त्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अगरवाल यांनींच पुढें १९४४ सालीं देशासाठीं गांधीवादी आर्थिक योजना मांडली. जमनालाल बजाज स्वतः व्यापारी होते. मुंबई विद्यापीठानें १९६५ सालीं व्यवस्थापनशास्त्राची संस्था काढली, तीस त्यांचेंच नांव दिलें आहे. आज तेथें प्रवेश मिळविण्यासाठीं धडपडणाऱ्या किती मुलांना तें नांव वर्ध्याच्या एका माणसाचें आहे हें ठाऊक असेल, याविषयीं आम्हांस शंका आहे.

याहून बोलकें उदाहरण जे. सी. कुमारप्पा यांचें. हे तंजावरकडील गृहस्थ लंडनला हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेंत सिराक्यूज विद्यापीठांतून १९२८ सालीं व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेऊन बाहेर पडले, मग कोलंबिया विद्यापीठांत राजस्वाचा अभ्यास केला. आजच्या आईबापांनीं मुलासाठीं स्वप्न पाहावें, नेमका तोच हा मार्ग! १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हां हे पदवीधर त्याचे चिटणीस म्हणून वर्ध्याच्या मगनवाडींत येऊन राहिले, आणि तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशा यांच्या हिशेबांत त्यांनीं ती विद्या खर्च केली. त्यांनीं ती टाकून दिली असें कित्येक भाविक लेखक लिहितात. आम्हांस तें मान्य नाहीं. हिशेब ठेवण्याची संवय त्यांनीं टाकली नाहीं. फक्त खर्चाच्या रकान्यांत जीं कलमें कोणी लिहीत नाहीं, तीं लिहावयास सुरुवात केली. वस्तु विकत घेणारा, ती ज्या रीतीनें तयार झाली त्या रीतीच्या पापपुण्याचा वांटेकरी होतो, असें ते मांडीत. त्यांचा रोख घेणाऱ्यावर होता. पण घेणाऱ्याला पुष्कळदां कांहींच माहीत नसतें. विकणाऱ्याला माहीत असतें, निदान माहीत करून घेण्याची सोय असते. मग तो वांटेकरी नव्हे काय?

खादीचाच दाखला घ्या. खादीहि विकावीच लागे. तिचीं भांडारें होतीं, प्रदर्शनें भरत, तिचा प्रचार तर देशभर चाले. १९३५ सालीं गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघानें सूत कांतणाऱ्या बायांची मजुरी वाढविण्याचें ठरविलें, तेव्हां खादी महाग होऊन खप घटेल ही भीति कार्यकर्त्यांना पडली, आणि ती निराधार नव्हती. तरी मजुरी वाढविली. माल महाग कां झाला हें गिऱ्हाइकाला सांगावयाचें आणि सांगून विकावयाचा, अशी ती रीत होती. ज्या विक्रेत्याचें सबंध बोलणें खरें असून त्याचा माल कमी खपतो, त्याला आजच्या पाठ्यपुस्तकांत किती गुण मिळतील? खादीला सर्वकाळ यश आलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण माल खपविणें आणि सत्य सांगणें हीं एका दुकानांत एकत्र राहूं शकतात, एवढें त्यावरून दिसलें.

पाठ्यपुस्तकें म्हणतात, ग्राहक हा राजा आहे. हें वाक्य मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत कदाचित् शोभत असेल. आमच्या जिल्ह्यांतला पदवीधर प्रथम जेथें जातो तेथें काय दिसतें? बियाणें, खतें आणि कीटकनाशकें विकणाऱ्या कंपन्यांना खेड्यापाड्यांत फिरणारीं, मोटारसायकल चालविणारीं, वऱ्हाडी बोलणारीं मुलें हवीं असतात. जून लागला कीं समुद्रपूर, आर्वी, देवळी भागांतला शेतकरी कृषि केंद्रापुढें उभा राहतो आणि विचारतो, “यंदा कोणतं लावू?” त्याला खात्रीचा सल्ला देणारा दुसरा माणूस बहुधा जवळ नसतो. जो विकतो तोच सल्ला देतो! डबीवरील बारीक अक्षरें त्याला वाचतां येत नाहींत, आणि वाचतां आलीं तरी समजत नाहींत. हा राजा आपलें सबंध वर्ष त्या एका उत्तरावर पणास लावतो. चुकलेल्या साडीमुळें घर बुडत नाहीं. चुकलेल्या बियाण्यामुळें बुडतें. २००६ सालीं पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदत जाहीर केली, त्यांत वर्धा एक होता. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मरण पावले. या दुःखांचा सारा भार विक्रेत्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पाऊस, भाव, सावकार, सरकार हीं सर्व त्यांत आहेत. परंतु अमुक द्रव्य अमुक द्रव्यांत मिसळूं नये, तोंडाला फडकें बांधल्यावांचून फवारूं नये, हें बाटली देतांना सांगावयास कोणाचाहि पाऊस आड येत नाहीं.

यावर विद्यार्थ्याचें म्हणणें आम्ही ऐकलें आहे, आणि तें उडवून लावण्याजोगें नाहीं. तो म्हणतो, मी न विकलें तर दुसरा विकील. शिक्षणाचें कर्ज माझ्या नांवावर आहे. महिन्याचा आंकडा गाठला नाहीं तर नोकरी माझी जाईल, मालकाची जाणार नाहीं. तें खरें आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्या पोराच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवून मोकळें होणें आम्हांस भ्याडपणाचें वाटतें. ज्यांनीं त्याला तीन वर्षें मन वळविण्याची कला शिकविली, त्यांनीं कोठें थांबावें हेंहि शिकवावयास हवें होतें, आणि तें नीतीच्या एका वेगळ्या तासाला नव्हे. व्यापारी वर्गाला स्वतःलाहि याची लाज वाटली होती: १९६६ सालीं मुंबईंत सचोटीच्या व्यापारासाठीं उद्योगपतींनीं मंडळ स्थापन केलें, त्याच्या संस्थापकांत जमनालालजींचे चिरंजीव रामकृष्ण बजाज होते. १९८६ चा ग्राहक-संरक्षण कायदा आला, मग २०१९ चा. पण फसवणूक झाल्यावर दाद मागण्यासाठीं कायदा असतो. कृषि केंद्राच्या पायरीवर जूनमध्यें तो उभा नसतो, तेथें आपलाच मुलगा उभा असतो.

या विद्येचा शत्रु म्हणून आम्ही लिहीत नाहीं. तिच्यावांचून आमच्याच जिल्ह्याचें किती नुकसान झालें, तें हिंगणघाटला विचारावें. एकोणिसाव्या शतकांत हिंगणघाट हें इंग्लंडच्या कापूसबाजारांत मालाचें नांव होतें. पुढें लांब धाग्याची बनी मागें पडली, जास्त उतारा देणाऱ्या आंखूड धाग्याच्या जाती शेतांत आल्या, गांठींत भेसळ झाली, आणि त्या नांवाची पत गेली. नांव म्हणजे गिऱ्हाइकास दिलेला शब्द. तो संभाळणारें तेव्हां कोणी नव्हतें. आज समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवच्या हळदीला २०१६ सालापासून भौगोलिक मानांकन आहे. रंगानें गडद, कुरकुमीन भरपूर, अशी ही हळद आहे. परंतु मानांकनाचा कागद मिळाला म्हणून पुण्यांतली गृहिणी ती मागूं लागत नाहीं. कोणती हळद वायगांवची आणि कोणती नव्हे हें ओळखण्याची खूण ठरवावी लागते, पुडीवर काय लिहावें आणि काय लिहूं नये हें ठरवावें लागतें, दुसरीकडची हळद त्या नांवाखालीं जाऊं लागली तर शेजाऱ्याचाहि मुलाहिजा न ठेवतां ती परत पाठवावी लागते. हें काम मार्केटिंगच्या पदवीधराचेंच आहे. पगार थोडा, फिरती पुष्कळ, आणि वर्षाच्या शेवटीं दाखवावयास मोठा आंकडा नाहीं. घरीं मुलगी वा मुलगा असें काम घेऊन आला, तर “एवढं शिकून हळद विकतोस?” असें कोणत्या वडिलांच्या तोंडून निघणार नाहीं, हें पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.