चोवीस गुरू आणि एक प्रगतिपुस्तक

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण घरोघरी गुरुचरित्राचे पारायण करतो. त्यातला आठवा अध्याय घरात नातवंडे असलेल्यांनी जरा थांबून वाचावा. विद्वान ब्राह्मणाचा मुलगा, पण मंदमती. वडील गेले, मायलेक भिक्षेवर आली. एवढ्या विद्वानाच्या पोटी हा असा कसा, म्हणून लोक त्याला टाकून बोलू लागले. शेवटी दोघे जीव द्यायला कुरवपूरला कृष्णाकाठी आली. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना थांबवले, मुलाच्या मस्तकी हात ठेवला आणि तो ज्ञानी झाला.

चमत्कार महाराजांचा, तो आपल्या हातचा नाही. पण त्या दोघांना नदीपर्यंत नेले कोणी? लोकांच्या बोलण्याने. आजही दहावी-बारावीचा निकाल लागला की पेपरात एखादी बातमी येते आणि पोटात गोळा येतो. हा अध्याय जुना झालेला नाही.

आता जाणकार सांगतात, बुद्धी एकच नसते. अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली पुस्तक लिहून भाषेची, गणिताची, संगीताची, माणसे ओळखण्याची अशा सात बुद्धी मांडल्या. सगळ्या मानसशास्त्रज्ञांना ते पटलेले नाही, पण अनुभव आपल्यालाही आहेच. आमच्या शाखेत एकाची बेरीज कधी चुकत नसे, पण समोर गिऱ्हाईक आले की तो गांगरायचा. दुसरा बेरीज दोनदा तपासायचा, पण पेन्शनवाल्या आजी त्याच्याच रांगेत उभ्या राहत. दोघांवाचून शाखा चालली नसती.

यात एक मेख मात्र आहे. हल्ली ‘हा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ असे शिक्के मारतात. २००८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी यावरचे संशोधन तपासले. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवले तर जास्त येते, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ‘ढ’चा शिक्का पुसून दुसरा मारला, एवढेच. शिवाय ‘प्रत्येकात काहीतरी कला असतेच’ म्हणत आपण चित्रकलेचा क्लास, तबल्याचा क्लास लावतो. आणि मूल कशातच चमकले नाही तर? मग त्याची किंमत काय?

उत्तर अवधूतांच्या चोवीस गुरूंत आहे. यदुराजाला सांगितलेल्या त्या यादीत पृथ्वी, आकाश, समुद्र आहेत, तसेच अजगर, पतंग, कोळीही आहेत. बाण करणारा कारागीर कामात इतका गढलेला, की राजाची स्वारी गेलेली त्याला कळली नाही. त्याच्याकडून एकाग्रता घेतली. अजगर मिळेल त्यात राहतो, त्याच्याकडून संतोष. आणि त्या यादीत लहान मूलसुद्धा आहे बरं का! त्याला काय येत होते? काही नाही. मान-अपमान नाही, चिंता नाही, आपल्यातच आनंदात. एवढ्यावर ते गुरू झाले. अवधूतांनी कुणाची परीक्षा घेतली नाही, स्वतःच विद्यार्थी झाले.

आपण मुलाचे गुण आधी पाहतो आणि मान नंतर देतो. हा क्रम उलटा करावा. अभ्यास जरूर घ्यावा, चुकले तर सांगावे, अक्षरे लावताना अडत असेल तर वेळेवर जाणकाराला दाखवावे. पण चारचौघांत तुलना नको, भावंडांशी तर नकोच. या सप्ताहात आठवा अध्याय वाचून झाला की नातवाला जवळ बसवा, त्याच्या डोक्यावर हात ठेवा आणि प्रगतिपुस्तक मागू नका.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥